घरची आतषबाजी: वात पेटवायला नेमकं काय वापरावं?

अंगणवात

नमस्कार मंडळी.

घरच्या एका कार्यक्रमात रात्री मोकळ्या जागेत छोटीशी आतषबाजी करायची आहे. भुईनळे, भुईचक्रं, थोडे बाण आणि शेवटी शॉट्सचे तीन-चार बॉक्स. दारूकाम कुठे मांडायचं, माणसं किती लांब बसवायची, पाण्याच्या बादल्या आणि वाळू कुठे ठेवायची, हे सगळं ठरलंय. अडलंय एकाच गोष्टीवर: पेटवायचं कशाने?

ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. काडेपेटी, मेणबत्ती, उदबत्ती, फुलबाजी, लांब नळीचा लायटर, ब्लोटॉर्च. एका मित्राने तर सरळ रिमोटवरची यंत्रणाच घे म्हणून सांगितलं. पेटवणारा मी एकटा असेन, जोडीला एक जण पाण्यापाशी. वारा थोडाफार असणारच. साधन असं हवं की दर वेळी ते नव्याने पेटवत बसायला नको, आणि वात पेटली की मला शांतपणे मागे येता यावं.

ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. नुसतं नाव नको, का तेही सांगा.

माळरान

अंगणवात, हा प्रश्न आधी विचारलास ते फार बरं केलंस. बहुतेक जण दारूकाम निवडण्यात दिवस घालवतात आणि पेटवायला ऐन वेळी हाताला लागेल ते उचलतात.

माझं मत स्पष्ट आहे: ज्योत नको, विस्तव हवा. म्हणजे जाड उदबत्ती, धूपकाडी किंवा मिळाली तर पंक काडी. पंक काडी म्हणजे काडीवर भुशासारख्या पदार्थाचा थर. सुगंध नाही, ज्योत नाही, नुसती धुमसत राहते. आणि यातलं काहीही नुसतं हातात धरायचं नाही, दीड-दोन हात लांब काठीच्या टोकाला बांधायचं.

कारण असं की विस्तव जिथे टेकतो तिथेच पेटवतो. ज्योत लपलपते, वाऱ्याने वाकते आणि वातीच्या टोकाऐवजी मधेच कुठेतरी लागते. मागे यायला तुला जो वेळ मिळतो तो सगळा त्या दोन-तीन इंच वातीत असतो. पेटवतानाच त्यातला अर्धा गमावला तर उरलेल्या अर्ध्यात पळावं लागतं, आणि अंधारात पळणारा माणूस अडखळतो.

काठीचं सांगतो, कारण तिथेच लोक कंटाळा करतात. बांबूची सरळ, वाळलेली काठी घे. एका टोकाला उभी चीर दे, चार बोटं खोल. त्या चिरेत दोन जाड उदबत्त्या बसव आणि वरून बारीक तारेने आवळ. सुतळी चालेल, पण नायलॉनची दोरी नको, ती वितळते आणि उदबत्ती ऐन वेळी गळून पडते. महत्त्वाची गोष्ट म्हणजे उदबत्ती काठीच्या सरळ रेषेत ठेवू नकोस, थोडी बाजूला कलती बसव. मग तुला फटाक्याच्या समोर किंवा वर न येता बाजूला उभं राहून वातीला टोक लावता येतं. तोंड आणि छाती कधीही नळकांड्याच्या वर येता कामा नये. हा नियम साधनापेक्षा मोठा आहे, पण योग्य साधन असेल तर तो आपोआप पाळला जातो.

झुळूक

माळरान, उदबत्तीचा माझा अनुभव वेगळा आहे. ती टेकवली तरी वात पटकन धरत नाही. मग माणूस आणखी वाकतो, फुंकर घालतो, आणि नेमकी तेव्हाच वात पेटते. म्हणून मला तरी उदबत्ती जास्त धोक्याची वाटते.

माळरान

झुळूक, मुद्दा खरा आहे. पण दोष राखेचा असतो. उदबत्तीच्या टोकावर राखेची टोपी साठते आणि आपण वातीला खरं तर राख टेकवत असतो. प्रत्येक वातीकडे जाण्याआधी काठी जमिनीवर हलकी आपट, राख झडते, आतला लाल विस्तव उघडा पडतो. मगच टेकव.

दुसरं म्हणजे दाबू नकोस. बारीक उदबत्तीच्या विस्तवात उष्णता ती किती असणार? वातीवर दाबली की तो काळा पडतो, आणि वात दमट असली तर विझतोच. हलकं टेकवून स्थिर धरायचं. म्हणूनच मी जाड काडी आणि तीही दोन म्हणतो: एक मंदावली तरी दुसरी असते. बारीक सुगंधी उदबत्ती या कामाची नाही.

आणि फुंकर कधीच नाही. विस्तव फुलवायचा असेल तर काठी मागे घेऊन हवेत हलकी फिरव, मग पुन्हा जा.

खडूफळा

वरची चर्चा वाचली. साधनाआधी वात समजून घेतली तर निम्मे वाद मिटतील असं वाटतं, म्हणून थोडं लांबण लावतो.

बऱ्याच तयार फटाक्यांना जी हिरवी किंवा लाल, दोऱ्यासारखी, किंचित ताठ वात असते तिला व्हिस्को म्हणतात. मधोमध काळ्या दारूचा बारीक गाभा, त्याभोवती दोऱ्यांचे वेढे आणि वरून नायट्रोसेल्युलोजच्या लाखेचा थर. या लाखेमुळे ती ओलाव्यापासून बरीच वाचते आणि ठिणगी उडून बाजूने पेटण्याची शक्यता कमी होते. साधारण सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने ती जळते, थोडं कमी-जास्त.

या वातीची मूळ कल्पना खाणींतली. आधी खाणकामगार सुरुंगाला बत्ती द्यायला दारू भरलेल्या काडक्या किंवा पिसांचे देठ वापरत. त्या कधी भसकन जळत, कधी रेंगाळत, आणि माणसं जायची. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम बिकफर्ड यांनी १८३१ मध्ये तागाच्या दोरीत दारूचा गाभा गुंफून ठरावीक वेगाने जळणारी सुरक्षित वात काढली. आज आपण फटाका पेटवून शांतपणे मागे चालत येतो ते या ठरावीक वेगामुळेच. अमेरिकेच्या नियमांत घरगुती फटाक्याची वात कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ९ सेकंद जळली पाहिजे, आणि ती बाजूने पेटण्याची शक्यता कमी व्हावी असा लेप तिच्यावर असला पाहिजे, अशी अट आहे. नियम करणाऱ्यांनाही भीती कशाची होती ते यातून दिसतं: वात मधेच पेटण्याची.

आता साधनाकडे या. व्हिस्कोच्या कापलेल्या टोकाला दारूचा काळा ठिपका दिसतो. विस्तव त्या ठिपक्याला टेकला पाहिजे. बाजूच्या लाखेवर टेकवत बसलात तर वेळ लागतो, आणि "पेटतच नाही" म्हणून माणूस वैतागतो. टोक ठिपक्यावर, एवढं पाळलं की साधी धूपकाडीही पटकन पेटवते. वात पेटली की सर्रकन आवाज येऊन टोकातून बारीक फवारा उडतो. तो दिसला की निघायचं. त्याआधी संशयाने निघू नका आणि तो दिसल्यावर खात्री करायला थांबू नका.

एक सावधगिरी. काही बॉक्सना किंवा जोडून लावलेल्या दारूकामाला कागदी नळीतली वात असते. उघडी असताना ती हळू जळते, पण कागदी नळीत तिचा जाळ पुढे पुढे ढकलला जातो आणि ती एका सेकंदात कित्येक मीटर पळते. अशा ठिकाणी बाहेर दिलेली जी संथ वात असते तीच पेटवायची. कागद फाडून आतली वात उघडी करण्याचा मोह टाळा.

सोनटक्का

खडूफळा, फार छान समजावलंत. माझा एक प्रश्न. पुष्कळ घरांत भुईनळे फुलबाजीनेच पेटवतात. लांब असते, वाऱ्याने विझत नाही, हात तसा दूर राहतो. मग त्यात काय वाईट?

रात्रकिडा

सोनटक्काताई, मी सांगतो, कारण हा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

फुलबाजीतल्या धातूच्या कणांचा जाळ १००० अंश सेल्सिअसच्या वर जातो. म्हणून ती वात झटकन पेटवते हे खरंच. पण तिच्या ठिणग्या चारी बाजूंना उडतात. फुलबाजीचं टोक वातीपाशी पोचायच्या आधीच एखादी ठिणगी वातीला मधे किंवा मुळाशी लागू शकते. वात कुठे पेटली हे तुम्हाला कळतच नाही. शेजारी दुसरा भुईनळा मांडलेला असेल तर त्याची वातही धरू शकते, आणि तुम्ही पाठमोरे असता.

याहून मोठी अडचण डोळ्यांची आहे, ती कोणी बोलत नाही. फुलबाजीचा पांढरा प्रखर उजेड डोळ्यांसमोर धरला की पुढची काही मिनिटं अंधारातलं धड दिसत नाही. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ती सगळी सवय एका फुलबाजीत मोडते. म्हणजे वात पेटली का तेही दिसत नाही आणि मागे येताना वाटेतली वीट, बादली, काठी हेही दिसत नाही. विस्तवाच्या लाल ठिपक्याने असं होत नाही. रात्री काम करायचं तर हा फरक फार मोठा आहे.

शिवाय फुलबाजी साधारण मिनिटभरात संपते. म्हणजे दर दोन-तीन फटाक्यांमागे नवी, आणि हातात तापलेली तार. ती तार कोणी तरी गवतात टाकतं, कोणी तरी अनवाणी तिच्यावर पाय देतं. फुलबाजी हे स्वतःच एक दारूकाम आहे, पेटवायचं साधन नाही. मुलांच्या हातात देऊन "जा, भुईनळा लाव" असं तर कधीच म्हणू नये.

सोनटक्का

उजेडाचा मुद्दा खरंच कधी लक्षात आला नव्हता. धन्यवाद. आमच्याकडे आता हे बंद.

डोंगरवाट

मी इथे थोडं वेगळं मत मांडतो. उघड्या माळावर, वारा सुटलेला असताना, दव पडून वाती दमट झालेल्या असताना उदबत्ती घेऊन उभं राहून बघा. एका फटाक्यापाशी अर्धा मिनिट घुटमळावं लागतं. फटाक्याजवळ जितका जास्त वेळ, तितका धोका जास्त. मी गॅसचा ब्लोटॉर्च वापरतो. लांब नळीचा, हाताने चालू-बंद होणारा. एकदा दाखवला की वात पेटलीच. वारा काही करू शकत नाही. अनुभवी लोकही वापरतात, मग घरी का नको?

खडूफळा

डोंगरवाट, "जवळ घालवलेला वेळ म्हणजे धोका" हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण ब्लोटॉर्च तो वेळ वाचवतो तो वातीतून उसना घेऊन.

त्याची ज्योत चार-पाच इंच लांब असते आणि वात दोन-तीन इंच. ज्योत वातीवर धरली की टोक पेटत नाही, अख्खी वात पेटते. लाखेचा लेप ठिणगी अडवतो, एवढा जाळ अडवू शकत नाही. पाच सेकंदांची वात दोन सेकंदांची होते, कधी तेवढीही उरत नाही. वर ज्योत पुढे जाऊन कागदी आवरणाला लागली तर वातीचा प्रश्नच संपला.

ज्यांना सराव आहे, संरक्षक कपडे आहेत आणि ज्यांचं दारूकाम लांब वाती लावून मुद्दाम तसं बांधलेलं आहे, त्यांची गोष्ट वेगळी. घरच्या आतषबाजीतल्या फटाक्याची वात आखूडच असते.

दमट वातीवर उपाय ब्लोटॉर्च नाही. दारूकाम अगदी शेवटी मांडा आणि तोवर झाकून ठेवा.

माळरान

खडूफळांशी सहमत. पण ब्लोटॉर्चचं एक काम मला मान्य आहे: मांडणीपासून लांब, सुरक्षित जागी, काठीवरच्या जाड काड्या एकदम नीट पेटवून घ्यायला तो उत्तम. मग तो तिथेच बंद करून ठेवायचा. मांडणीकडे न्यायचा नाही.

डोंगरवाट

वातीच्या लांबीचा हिशेब पटला. माझ्याकडे वाती लांब असतात हे मी गृहीत धरत होतो. अंगणवातसाठी माझा सल्ला मागे घेतो. मात्र जोराचा वारा असेल तर उदबत्तीवर विसंबू नये हे माझं म्हणणं कायम. किंबहुना तेवढा वारा असेल तर बाण उडवूच नयेत.

झुळूक

लांब नळीच्या लायटरचं काय? तो तर सगळ्यांकडे असतो.

माळरान

झुळूक, तीन अडचणी. ज्योत वर जाते आणि वात असते खाली जमिनीलगत, म्हणून लायटर उलटा धरावा लागतो आणि जाळ नळीवरून हाताकडे येतो. वाऱ्यात विझतो, मग माणूस दुसऱ्या हाताचा आडोसा करतो, म्हणजे दोन्ही हात फटाक्यापाशी. आणि लांब म्हटला तरी तो वीतभरच लांब. थंडीत आणखी एक: ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास द्रवातून वायूत जायला तयार नसतं, त्यामुळे ज्योत मरतुकडी होते.

शेगडीचा खटक्याचा लायटर तर नुसती ठिणगी देतो, त्यात ज्योतच नसते. काडेपेटी आणि मेणबत्तीबद्दल काय लिहायचं? वारा आला की संपलं. जळता कागद घेऊन जाणारे पाहिलेत, त्याचे निखारे उडून भलतीकडे पडतात. तो प्रकार पूर्ण बंद.

लायटर खिशात ठेवून मात्र जा, काठी विझली तर मागे येऊन ती पेटवायला. खिसा सुती कपड्याचा हवा, आणि त्याच खिशात फटाके नकोत.

पाणकळा

पोर्टफायरचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून लिहिते. जिथे अधिकृतपणे मिळतो तिथे हाताने पेटवायच्या कामात माझी पहिली पसंती त्यालाच आहे.

पोर्टफायर म्हणजे बारीक, लांब कागदी नळी, आत संथ जळणारं मिश्रण. टोक पेटवलं की लहानशी, ठाम ज्योत तीन ते पाच मिनिटं टिकते. जळायला लागणारा प्राणवायू मिश्रणातच असल्यामुळे वारा, झिमझिम पाऊस याने तो विझत नाही. ज्योत एवढीशी की वातीचं टोकच पेटतं, ब्लोटॉर्चसारखी अख्खी वात नाही. दमट वातही धरते. डोंगरवाट यांची अडचण आणि खडूफळांची अट दोन्ही यात सांभाळल्या जातात.

पण त्याचे नियम आहेत. जळतं टोक नेहमी हाताच्या खाली, जमिनीकडे झुकवून धरायचं, म्हणजे जळका मळ हाताकडे ओघळत नाही. जमलं तर त्यालाही काठीला बांधावं. अधूनमधून ठिणग्या टाकतो, म्हणून तो पेटलेला असताना न उडवलेल्या साठ्याजवळून चालत जायचं नाही. एक जळून संपेपर्यंत जेवढं उडवता येईल तेवढंच एका फेरीत, मग दुसरा.

रस्त्यावर अपघाताच्या वेळी पेटवून ठेवतात त्या लाल फ्लेअरने काहीजण वाती पेटवतात. घरी नको. त्यातून वितळलेला रस ठिबकतो, तो कापडातून आत जातो, आणि त्याच्या प्रखर लाल उजेडाने डोळ्यांचं तेच होतं जे रात्रकिडा यांनी फुलबाजीबद्दल लिहिलंय.

अवांतर, पण माळरान यांच्या काठीला मोठी परंपरा आहे. पूर्वी तोफेला बत्ती देणारे गोलंदाज सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला तोडा, म्हणजे जाड दोरी, लांब काठीच्या टोकाला गुंडाळत. तासाला साधारण फूटभर या बेताने तो धुमसत राही, विझत नसे, आणि तोफ मागे उसळायची तेव्हा माणूस बाजूला उभा असे. विस्तव, लांबी आणि बाजूला उभं राहणं. आपण इथे जे बोलतोय ते त्यांना रोजच्या कामातून माहीत होतं.

तारायंत्र

शॉट्सच्या बॉक्सबद्दल लिहितो. वरचं सगळं भुईनळे, भुईचक्रं, बाण यांच्यासाठी बरोबर आहे. पण बॉक्सच्या बाबतीत माझा आग्रह विजेच्या पेटवणीचा आहे. कारण बॉक्स बिघडला तर तो एकदा फुटून थांबत नाही. आडवा झाला तर उरलेले सगळे शॉट जमिनीलगत सुटत राहतात. अशा वेळी माणूस जवळ असूच नये.

घरगुती वापरासाठी जी यंत्रणा मिळते तिच्यात एक रिमोट, एक किंवा अधिक रिसीव्हर आणि वातीला चिमट्यासारखे बसणारे इग्नायटर असतात. चिमट्यात नायक्रोमची बारीक तार असते. रिसीव्हरने बॅटरीचा प्रवाह सोडला की ती लाल होते आणि तिला चिकटलेली वात पेटते. बटण दाबल्यावर सेकंद-दोन सेकंद लागतात, घाबरून परत परत दाबू नका. तार वातीला घट्ट टेकलेली हवी. मधे जराशी फट राहिली तरी तार लाल होऊन विझते आणि वात तशीच राहते. बहुतेक "रिमोट चालला नाही" याचं कारण हेच किंवा उतरलेल्या बॅटऱ्या. नवे सेल टाका.

क्रम मात्र काटेकोर पाळा. आधी फटाके न जोडता रिकाम्या चिमट्यांवर सगळी यंत्रणा तपासून घ्या: कोणतं बटण कोणत्या चिमट्याचं, किती अंतरावरून चालतं. मग रिसीव्हर बंद असताना बॉक्स मांडा, विटांनी किंवा वाळूच्या पिशव्यांनी चारी बाजूंनी आवळा, चिमटे लावा. रिमोट किंवा त्याची किल्ली या सगळ्या वेळात चिमटे लावणाऱ्याच्याच खिशात हवी, दुसऱ्या कोणाकडे नाही. शेवटी बाजूने रिसीव्हर चालू करून मागे या आणि मगच रिमोटला किल्ली लावा. एकदा किल्ली लागली की पुढे कोणीही जायचं नाही, काहीही राहिलेलं असलं तरी.

व्यावसायिक लोक वापरतात त्या ई-मॅचच्या, म्हणजे विजेने पेटणाऱ्या काडीच्या, नादी लागू नका. तिच्या टोकावर स्वतःचाच स्फोटक थेंब असतो, तो घर्षणाने आणि धक्क्यानेही पेटू शकतो, आणि बऱ्याच देशांत ती परवान्याशिवाय घेता येत नाही. घरी तार गुंडाळून इग्नायटर बनवण्याचे प्रयोगही नकोत. इथे विश्वासार्हता हीच सगळी गोष्ट आहे. घरच्या तारेची खात्री कोण देणार?

अंगणवात

मंडळी, मनापासून आभार. एवढं नीट उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

माझं असं ठरतंय: भुईनळे, भुईचक्रं आणि बाण माळरान यांच्या काठीने. पोर्टफायर मिळाला तर तो, नाहीतर जाड धूपकाड्या. बॉक्स मात्र रिमोटवर. काठ्या दोन तयार ठेवेन, म्हणजे एक विझली तर दुसरी पेटलेली असेल.

दोन शंका उरल्या. हातमोजे आणि चष्मा खरंच लागतात का? आणि पेटवूनही फटाका उडालाच नाही तर काठीने परत एकदा प्रयत्न करायचा का?

रात्रकिडा

चष्मा लागतोच, त्यावर वाद नको. साधा नंबराचा चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला, ईएन १६६ किंवा एएनएसआय झेड ८७.१ या मानकाचा संरक्षक चष्मा घ्या, आणि पारदर्शक काचेचाच, काळा नाही. हातमोजे चामड्याचे, सैल, झटकन निघतील असे. नायलॉनचे नकोत. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. डोक्याला लावायचा दिवा असेल तर त्याचा लाल उजेड वापरा, त्याने डोळे दिपत नाहीत. दुसरी पेटलेली काठी साठ्याशेजारी टेकवून ठेवू नका, वाळूच्या बादलीत उभी खोचा, साठ्यापासून लांब.

आणि त्या रात्री पेटवणाऱ्याने मद्याला हातही लावू नये.

पाणकळा

दुसऱ्या शंकेचं उत्तर: नाही, अजिबात नाही. उडाला नाही तो फटाका त्या रात्रीपुरता संपला. वात आत धुमसत असू शकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आखूड झालेली किंवा जळून गेलेली वात पुन्हा पेटवायला जाणारा माणूस शून्य सेकंदांच्या वातीपाशी उभा असतो, मग काठी कितीही लांब असो. निदान वीस मिनिटं त्याच्याजवळ कोणी जायचं नाही. बॉक्स असेल तर आधी रिमोटची किल्ली काढायची, मग वीस मिनिटं मोजायची. त्यानंतर बाजूने, लांबून भरपूर पाणी ओतायचं आणि पाण्याच्या बादलीत रात्रभर बुडवून ठेवायचा. वाकून आत बघायचं नाही.

म्हणून मांडतानाच दोन फटाक्यांमध्ये एवढं अंतर ठेव की एक फुसका निघाला तरी त्याच्याजवळ न जाता पुढचा पेटवता येईल. हे जमत नसेल तर पुढचे राहू दे.

पोर्टफायर मिळाला तर एवढं ध्यानात ठेव: तो फुंकून विझत नाही. जळतं टोक कात्रीने कापून पाण्यात टाकायचं, आणि उरलेली नळी ओली झाली असेल तर कोरडी झाल्याशिवाय पुढच्या फेरीला घ्यायची नाही. उदबत्त्यांची काठी सरळ बादलीत बुडव, नुसती वाळूत खुपसून सोडू नकोस, विस्तव वाळूतही बराच वेळ जागा राहतो.

अंगणवात

समजलं. मांडणीचं अंतर आता दुप्पट करतो आणि बाण दोन कमी करतो. बांबू आजच चिरून ठेवतो. तारायंत्र, रिसीव्हर जमिनीवर ठेवला तर चालेल की उंचावर लागतो?

तारायंत्र

विटेवर ठेवा, पण बॉक्सच्या बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आणि अँटेना उभी. जमिनीला चिकटून ठेवला की पल्ला कमी होतो. ठिणग्या पडू नयेत म्हणून वरून फॉइलने झाकायचा मोह होईल, पण त्याने सिग्नल अडतो. त्यापेक्षा जाड पुठ्ठा ओला करून आडवा टेकवा, रिसीव्हरला पाणी न लागेल असा. मग तेवढ्याच अंतरावरून एकदा पुन्हा रिकाम्या चिमट्यांवर तपासा.